पत्र ज्याचं त्याला वाचता यावं

पोस्टमनची वाट पाहत दारात उभं राहण्याचे दिवस सरले. आता टपाल येतं ते फोनवर, नाहीतर कॉम्प्युटरवर. विजेचं बिल, शाळेची सूचना, सोसायटीच्या सभेची नोटीस, रक्ततपासणीचा अहवाल, अमेरिकेतल्या भाचीचं खुशालीचं पत्र, सगळं ईमेलनं. आणि आपण नुसत्या वाचणाऱ्या राहिलेल्या नाही. महिला मंडळाच्या चिटणीसबाई, सोसायटीच्या कमिटीवरच्या काकू, पालक-शिक्षक संघातल्या ताई, घरबसल्या मसाल्यांचा व्यवसाय करणाऱ्या वहिनी, अशा कितीतरी जणी पाचपन्नास जणांना पत्रं धाडत असतात. पलीकडे ती वाचली जात असतील असं आपण गृहीत धरतो. कशी वाचली जातात, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

माझ्या परिचयाच्या एक बाई आहेत. पूर्ण अंध. बँकेत नोकरी करतात, स्वयंपाकपाणी स्वतः करतात, रोजचं टपाल फोन त्यांना वाचून दाखवतो. त्यांची मुलगी पाचवीत. शाळेकडून ईमेल यायचं, "सूचना सोबत जोडली आहे, कृपया पाहावी." आणि सोबत काय, तर बाईंनी वहीच्या कागदावर हातानं लिहिलेल्या चिठ्ठीचा फोटो! फोन तो फोटो उघडून एकच शब्द म्हणायचा, "इमेज." झालं, पत्र वाचून संपलं. मग त्या लेकीला हाक मारायच्या, "बघ गं, काय लिहिलंय?" लेक सांगायची, "काही नाही गं आई, शनिवारी सुट्टी." तिसऱ्या चिठ्ठीनंतर कळलं, की मुलगी गणितात मागे पडते आहे आणि वर्गशिक्षिका आईला भेटायला बोलावत होत्या. शिक्षिकेला वाटलं, आईला फिकीर नाही. आईला काय कळावं आणि काय कळू नये, हे दहा वर्षांची मुलगी ठरवत होती. त्या बाई मला म्हणाल्या, "मुलीवर मी रागावले नाही. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. पण पत्र माझं होतं ना?"

आपल्या आज्या-पणज्यांना हे दुःख ठाऊक होतं. माहेरहून कार्ड आलं, की ते दिराकडून नाहीतर शेजारच्या मास्तरांकडून वाचून घ्यायचं. वाचणाऱ्यानं एखादी ओळ गाळली तरी कळायचं नाही. उत्तर लिहून घेताना सासूबाई समोर बसलेल्या, मग मनातलं काय सांगणार? "इकडे सर्व क्षेम" एवढंच आईला पोचायचं. बाई लिहायला-वाचायला शिकली तेव्हा तिचं पत्र तिचं झालं. आज अंध बाईच्या हातात बोलणारा फोन आला आणि तेच सुख तिच्या वाट्याला आलं. ते आपण एका फोटोपायी हिरावून घेतो, तेही नकळत.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे अंध माणसांना पत्रं लिहितो? २०११च्या जनगणनेत आपल्या देशात २ कोटी ६८ लाख लोकांची नोंद अपंग म्हणून झाली. त्यात १ कोटी १८ लाख बायका आणि मुली होत्या. शिवाय मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबवत बसलेले सासरे, हात थरथरणारी मावशी, कानाचं यंत्र खिशात ठेवून फिरणारे काका ही मंडळी कुठल्या यादीत असतीलच असं नाही. आपल्या पन्नास जणींच्या यादीत अशा चारदोन जणी निघतातच. त्या सांगत नाहीत, एवढंच.

(शब्दांविषयी थोडं. 'दिव्यांग' हा हल्लीचा सरकारी शब्द. ज्यांना तो लावला जातो त्यांच्यातल्या अनेकांना तो रुचत नाही. आमच्यात दिव्य असं काही नाही, रस्ता नीट करून द्या, असं ते म्हणतात. म्हणून मी इथे सरळ अंध, कर्णबधिर असंच लिहिते आहे.)

बोलणारा फोन काय करतो

अंध व्यक्तीच्या फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये 'स्क्रीन रीडर' नावाची सोय असते. पडद्यावरचा मजकूर ती मोठ्यानं वाचते. अँड्रॉइड फोनमध्ये तिला टॉकबॅक म्हणतात, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर. कॉम्प्युटरसाठी एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. तो २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन आणि जेम्स टेह या दोघांनी सुरू केला, आणि ते दोघेही स्वतः अंध. मराठी वाचणारा आवाजही आता मिळतो. सवय झालेली माणसं तो इतक्या वेगानं ऐकतात, की आपल्याला नुसता रेडिओचा काटा फिरवल्यासारखा आवाज येतो. त्यांना मात्र शब्द न् शब्द समजतो.

फक्त या यंत्राला अक्षरं लागतात. अक्षरांचा फोटो काढला, की ती अक्षरं राहत नाहीत, चित्र होतं. लग्नाची पत्रिका, हळदीकुंकवाचं आमंत्रण, सभेची नोटीस आपण सुंदर वेलबुट्टी काढून चित्ररूपात पाठवतो, आणि पत्रात लिहितो, "सर्वांनी अगत्य यावे." कुठे यावे, कधी यावे, सगळं चित्रात! चित्रातला मजकूर ओळखणारी ॲप्स आता निघाली आहेत, हे खरं. छापील इंग्रजी असेल तर ती बऱ्यापैकी चालतात. पण वळणदार अक्षरांतलं मराठी, तिरका फोटो, वर रबरी शिक्का, असं काही आलं की वेळ दुपारी चारची की रात्री आठची याचा भरवसा नाही. पत्रिका हौसेनं पाठवा, पण खाली दोन ओळींत वार, तारीख, वेळ, पत्ता टाईप करा. मजकूर नसलेला नुसता फोटो असेल तर तो कशाचा आहे हे एका वाक्यात सांगा: "बाळाच्या बारशाचा फोटो, पाळण्यात हिरवं झबलं घातलेलं बाळ आणि शेजारी दोन्ही आज्या." अंध आत्याला बारसं दिसेल की नाही, ते या एका ओळीवर आहे.

स्कॅन केलेल्या पीडीएफचीही तीच कथा. कागद स्कॅन करून पाठवला तर तो फोटोच. ओळखायची सोपी खूण आहे: त्यातल्या एखाद्या शब्दावर बोट दाबून धरा. शब्द निवडता आला तर अक्षरं आहेत, नाही आला तर बहुधा चित्र आहे.

मराठीची तर आणखी एक निराळी भानगड आहे, आणि ती फार जणांना माहीत नसते. श्रीलिपी, कृतिदेव अशांचे जुने फाँट छापखान्यांत आणि कचेऱ्यांत वर्षानुवर्षं वापरले गेले. त्या फाँटमध्ये 'क' दिसतो खरा, पण कॉम्प्युटरच्या पोटात तिथे इंग्रजी अक्षर नाहीतर कसलीशी खूण असते. वर फक्त 'क'चा मुखवटा. डोळ्यांना मुखवटा दिसतो, यंत्राला आतलं वाचावं लागतं. म्हणून मंडळाचा अहवाल वाचायला घेतला, की स्क्रीन रीडर डॉलर, कंस, स्वल्पविराम असलं काहीतरी बरळायला लागतो. युनिकोडमध्ये टाईप केलेल्या मराठीत ही अडचण येत नाही. फोनवर आपण जे मराठी टाईप करतो ते युनिकोडच असतं, त्याची काळजी नको. छापखान्याकडून किंवा कचेरीतून आलेला मजकूर पुढे पाठवायचा असेल, तर त्यातली एक ओळ उचलून ईमेलमध्ये चिकटवून पाहा. मराठी राहिली तर ठीक. खिचडी झाली, तर तो मजकूर यंत्राला वाचता येणार नाही हे पक्कं समजा.

आणि इंग्रजी लिपीत मराठी लिहिण्याची हौस! डोळ्यांनी वाचणारी माणसं ते संदर्भानं समजून घेतात. यंत्राचा इंग्रजी आवाज मात्र ते इंग्रजी समजून वाचतो. 'मुले' लिहायला जावं, तर इंग्रजीत त्याच अक्षरांचा शब्द होतो 'म्यूल', म्हणजे खेचर. 'बरे' लिहिलं तर 'बेअर', म्हणजे उघडंबोडकं. "मुले घरी आली, आता बरे आहे" या साध्या खुशालीचं काय होत असेल, कल्पना करा. मराठी मराठीतच लिहावं. टाईप करायचा कंटाळा असेल तर फोनला बोलून सांगा, तो लिहितो. पाठवण्यापूर्वी एकदा वाचून घ्या मात्र, कारण तोही कधीकधी कानात बोळे घातल्यासारखा लिहितो.

डब्यावरची चिठ्ठी

फडताळातल्या डब्यांवर आपण चिठ्ठ्या लावतो. मेतकूट, भाजणी, धनेपूड. प्रत्येक डब्यावर 'महत्त्वाचे' लिहिलं तर चालेल का? ईमेलचा 'विषय' म्हणजे ती चिठ्ठी. स्क्रीन रीडर वापरणारी बाई टपालाची यादी ऐकत जाते: पाठवणाऱ्याचं नाव, विषय, पुढचं नाव, विषय. "नमस्कार", "अर्जंट", "फॉरवर्ड फॉरवर्ड" असे विषय ऐकून तिला काहीच कळत नाही. एकेक डबा उघडून हुंगत बसावं लागतं. "पाण्याची टाकी धुणार, मंगळवारी सकाळी पाणी नाही" एवढं विषयातच लिहिलं, तर पत्र उघडलं नाही तरी बादल्या भरून होतात. हे तर आपल्या सगळ्यांच्याच सोयीचं आहे.

तसंच त्या "येथे क्लिक करा"चं. स्क्रीन रीडरला पत्रातले सगळे दुवे म्हणजे लिंका एकापाठोपाठ ऐकवायला सांगता येतं. मग ऐकू येतं, "येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, येथे क्लिक करा." कुठली फी भरायची आणि कुठला नकाशा, ते समजणार कसं? त्या शब्दांऐवजी "वर्गणी भरण्याचा फॉर्म", "सभागृहाचा नकाशा" असे शब्द घालून त्यांनाच दुवा जोडावा.

रंगांवर तर आपला फार जीव. "ज्यांची नावं लाल अक्षरांत आहेत त्यांनी थकबाकी भरावी." अंध बाईला लाल ऐकू येत नाही. लाल-हिरव्यातला फरक नीट न कळणारे पुरुषही आपल्या घरोघर असतात, बायकांत ते प्रमाण फारच कमी, म्हणून आपल्या लक्षात येत नाही. नावापुढे 'थकबाकी' असा शब्द लिहा आणि मग हवं तर लाल करा. दिवाळीच्या शुभेच्छा पणत्यांच्या चित्रावर फिकट पिवळ्या अक्षरांत लिहिल्या, तर चाळिशी लागलेल्या कुणालाही त्या वाचताना कपाळाला आठ्या पडतात. पांढऱ्यावर काळं, अक्षर जरा मोठं, यासारखं दुसरं सुख नाही.

हात जोडलेल्या, फुलांच्या, हसऱ्या चेहऱ्यांच्या चित्रांचं म्हणाल, तर एखादं चालतं. पण यंत्र चित्राचं नाव वाचतं. ओळीनं बारा गुलाब ठेवले तर कित्येक यंत्रं बारा वेळा गुलाब म्हणतात, आणि मुद्द्याची गोष्ट त्या गुलाबांच्या पलीकडे राहते. फोन नंबर सलग लिहिला तर काही वेळा यंत्र तो "नऊशे ऐंशी कोटी" असा वाचायला लागतं. नंबर आहे की सरकारी अंदाजपत्रक, कळत नाही. आकड्यांमध्ये जागा सोडा. तारीख तिरप्या रेघा देऊन लिहिण्यापेक्षा महिन्याचं नाव लिहा. आणि मधे मधे मोकळ्या जागा ठोकून दोन रकाने पाडू नका. डावीकडे पदार्थ, उजवीकडे किंमत असं दिसायला छान दिसतं, पण यंत्र आडवं वाचत जातं आणि फोनच्या अरुंद पडद्यावर तर डोळस माणसालाही शंकरपाळ्यांची किंमत चकलीला लागते. एका ओळीत एक पदार्थ आणि त्याची किंमत, बास.

ज्यांना ऐकू येत नाही

पत्र लिहून पाठवणं हे कर्णबधिरांना तर वरदानच. ईमेल नेटवर्कवरून एका कॉम्प्युटरमधून दुसऱ्यात जायला लागली १९७१ साली, रे टॉमलिन्सन या अमेरिकन इंजिनिअरच्या हातून. इंटरनेटच्या जनकांपैकी एक मानले जाणारे विंट सर्फ यांना लहानपणापासून कमी ऐकू येतं, आणि त्यांच्या पत्नी सिग्रिड यांची श्रवणशक्ती तिसऱ्या वर्षीच गेली होती. पुढे १९९६ साली कॉक्लिअर इम्प्लांटच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना ऐकू येऊ लागलं. १९८०च्या दशकात एमसीआय मेल नावाची ईमेल सेवा उभी करण्यात सर्फ यांचा पुढाकार होता. फोनपेक्षा लिहिलेला शब्द बरा, हे ज्याला स्वतःच्या कानांनी शिकवलं होतं असा माणूस!

आणि आपण काय करतो? व्यवस्थित पत्र लिहून शेवटी म्हणतो, "अधिक माहितीसाठी फोन करावा." ज्याला ऐकू येत नाही त्यानं काय करावं? "फोन करा किंवा या पत्राला उत्तर द्या" असे चार शब्द जास्त लिहिले की झालं. आवाजात निरोप रेकॉर्ड करून पाठवला असेल, तर त्यातलं सार लिहूनही द्यावं. आणखी एक गोष्ट. जी मुलं जन्मतःच ऐकू शकत नाहीत आणि खाणाखुणांच्या भाषेत वाढतात, त्यांची पहिली भाषा ती. मराठी ही दुसरी, शाळेत शिकलेली. आपल्या वाक्प्रचारांची त्यांना अडचण होते. "कमिटीने हात वर केले" असं लिहिलं, तर कमिटीनं मतदान केलं की काय असं वाटायचं. "कमिटी पैसे देणार नाही" असं स्वच्छ लिहावं.

ज्यांना वाचताना अक्षरं नाचल्यासारखी वाटतात, ज्यांची स्मरणशक्ती आजारपणानं अधू झाली आहे, त्यांनाही लहान वाक्यं, लहान परिच्छेद आणि एका पत्रात एकच काम, हेच मानवतं. थरथरत्या हातांच्या माणसाला लांबलचक उत्तर लिहायला लावू नये. 'हो' किंवा 'नाही'त भागेल असा प्रश्न विचारावा.

एवढं सगळं लक्षात कसं ठेवायचं, असं वाटत असेल तर हे पत्र पाहा. मंडळाच्या सहलीचं आहे.

विषय: पालीची सहल, रविवार १८ जानेवारी. नाव १० जानेवारीपर्यंत कळवा.

मैत्रिणींनो,
मंडळाची सहल रविवार, १८ जानेवारी रोजी पालीला जाईल. बस सकाळी साडेसहा वाजता मंडळाच्या कार्यालयासमोरून सुटेल. रात्री आठपर्यंत परत येऊ.
वर्गणी ८०० रुपये. त्यात बसभाडे, नाश्ता आणि जेवण आले.
यायचं असेल तर शनिवार, १० जानेवारीपर्यंत या पत्राला "हो" एवढंच उत्तर पाठवा. फोन किंवा मेसेजही चालेल.
चालणं कमी हवं असेल, जेवणात पथ्य असेल किंवा सोबतीला कुणी आणायचं असेल, तर तेही लिहा.
गेल्या सहलीचा फोटो जोडला आहे. देवळाच्या आवारात आपण सगळ्या उभ्या आहोत. फोटोत सूचना काही नाही.

शेवटचं वाक्य पाहिलंत? फोटोत काही राहून तर गेलं नाही ना, ही धाकधूक त्या एका वाक्यानं जाते. पत्रात कुठे अंध, बहिऱ्या असा उल्लेखही नाही, आणि कुणाला वेगळं काढलेलं नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगते. १९९५च्या अपंगत्वविषयक कायद्यात सात प्रकारची अपंगत्वं होती, २०१६च्या कायद्यात ती एकवीस झाली आणि त्यात डिस्लेक्सियासारख्या शिकण्यातल्या अडचणीही आल्या. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं आणखी महत्त्वाचा निकाल दिला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या एका स्त्रीला डोळ्यांची उघडझाप करता येत नव्हती, म्हणून ओळख पटवण्याची ऑनलाइन प्रक्रिया पुरी होईना आणि बँकेत खातं उघडेना. तिची आणि एका अंध नागरिकाची याचिका एकत्र ऐकून न्यायालय म्हणालं, की डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणं हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. निकाल बँका आणि सरकारी यंत्रणा यांच्यासंबंधी आहे, आपल्या हळदीकुंकवाच्या आमंत्रणावर कुणी खटला भरणार नाही. पण शाळेकडून, दवाखान्याकडून वाचता न येणारी पत्रं येत असतील तर टाईप केलेला मजकूर मागायला संकोच करू नका. वर सांगितलेल्या बाईंनी शाळेला तसं लेखी कळवलं. आता चिठ्ठी टाईप होऊन येते, आणि इतर पालकही खूश आहेत, कारण शिक्षिकेचं अक्षर कुणालाच लागत नव्हतं.

कुणाला कसं पत्र सोयीचं, हे त्यांनाच विचारलेलं सगळ्यांत बरं. एकीला मोठ्या अक्षरांतली पीडीएफ हवी असते, दुसरीला पीडीएफ नकोच, साधा मजकूर हवा असतो. दोघी अंधुक दृष्टीच्याच.

आपलं पत्र कसं ऐकू येतं ते स्वतः अनुभवायचं असेल, तर फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ॲक्सेसिबिलिटी उघडा. तिथे टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर सापडेल. पण ते सुरू केलं की फोनची रीत बदलते, हे आधी ध्यानात घ्या. एकदा बोट लावलं की फोन नुसतं नाव सांगतो. उघडायचं असेल तर दोनदा टकटक करावी लागते. वर-खाली सरकवायला अँड्रॉइडवर दोन बोटं लागतात, आयफोनवर तीन. बंद करायलाही याच पद्धतीनं त्याच जागी परत जावं लागतं, तेव्हा ती वाट कागदावर लिहून जवळ ठेवा. मग डोळे मिटून आपण गेल्या आठवड्यात मंडळाला पाठवलेलं पत्र ऐका. पहिल्या खेपेला अर्धा तास तरी जातो, म्हणून गॅसवर काही ठेवून हा प्रयोग करू नये.